बहुधा मेडिओमानम

गुडघे गेल्यापासून बोरिवलीच्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपात मला बाजूला करून तरणा म्होरक्या नेमायचं घाटत होतं. तीस वर्षं यांना सह्याद्री दाखवला, आणि आता म्हणे, काका, तुम्ही पायथ्याशी बसा! म्हणून मुलाकडे वेल्सला गेलो तेव्हा ठरवलंच, तिथला रोमन किल्ला यांना सोसायटीच्या हॉलमध्ये फोटोंसकट दाखवायचा. मग बघू कोण पायथ्याशी बसवतं.

किल्ला कसला, मेंढ्यांचं कुरण! ना बुरूज, ना पाण्याचं टाकं. सवयीने मी बूट काढून गडदेवतेचं देऊळ शोधत फिरलो, तर पाय थेट लेंड्यांत. मुंबईहून माझ्यासोबत आलेली माझी मुलगी पोट धरधरून हसली. त्यात ती पाटी. भिंत केवढी, सैनिक किती, सगळं लिहिलेलं, आणि नाव? बहुधा मेडिओमानम, खात्री नाही. अरे, मग इतकी वर्षं काय झोपा काढल्या? आमच्याकडे गडावरच्या दगडालासुद्धा नाव असतं आणि नावामागे गोष्ट.

परत आल्यावर कार्यक्रम ठेवला. हॉल खचाखच. मुलगी मुलुंडहून खास लॅपटॉप सांभाळायला आलेली. पहिल्याच फोटोला मागून मालवणी आवाज आला, "गडाचा नाव काय?"

"बहुधा..."

"बहुधा? मगे इतक्या लांब गेलस कित्याक?"

हॉल फिसकन हसला. माझी गादी हलली ना! मी छाती काढून ठोकून दिलं, "मेडिओमानम! आणि त्याचा किल्लेदार शेवटच्या श्वासापर्यंत एकटा लढला." टाळ्याच टाळ्या. म्होरक्या मीच, एकमताने.

सगळे बाहेर चहाला गेले. लॅपटॉप बंद करत मुलगी म्हणाली, "बाबा, तो किल्लेदार कुठून आणलास?"

"लोकांना 'बहुधा' चालत नाही गं."

"आणि आपल्या गडाच्या कड्यावरून उडी मारलेला घोडा? मी लहानपणी दमून रडत होते तेव्हा सांगितलेला?"

मी वायर गुंडाळत राहिलो.

"खरं सांग ना."

"अगं, तू पाऊल उचलायला तयार नव्हतीस."

"पाचवीत बाई म्हणाल्या, असा घोडा नव्हताच. मी भांडले. माझे बाबा खोटं बोलत नाहीत म्हटलं. तासभर अंगठे धरून उभी होते वर्गाबाहेर."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दारातून कुणीतरी ओरडलं, "काका, पुढचा गड कुठला?"

"इतकी वर्षं मला त्या बाईच वाईट वाटायच्या," ती म्हणाली.