ट्रान्सफॉर्मरच्या खोलीतली निम्मी जागा

नव्वदच्या दशकात मी नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वायरमन होतो. लग्नाला चार महिने झाले होते आणि बायको पाथर्डीकडे, आमच्या गावी होती. मी तिघा कामगारांबरोबर पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. तिथे तिला आणणं शक्य नव्हतं, आणि परवडेल अशी वेगळी खोली मिळत नव्हती.

दसरा झाला की आईवडील ऊसतोडीला जायचे. मागे ती घरात एकटी राहणार, म्हणून तिनेही त्यांच्याबरोबर जायचं ठरत होतं. एकदा टोळी निघाली की उन्हाळ्यापर्यंत परतायची नाही. आज एका गावच्या उसाच्या फडात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावच्या. पत्र टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर?

माझी ही अडचण मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेली. ते स्वतः ट्रान्सफॉर्मरच्या खोलीपाशी आले.

"मिस्त्री, इथं निम्मी जागा नुसती पडून आहे," ते म्हणाले. "मधे विटांची भिंत घालून देतो, बाहेरून वेगळं दार काढू. कुटुंब घेऊन या. लाइट गेली की तुम्हीही हाताशी असाल."

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. पुढच्या रविवारी वडील काही खरेदीसाठी नगरला येणार होते. त्यांच्याबरोबर तिलाही पाठवा, असा निरोप मी गावी धाडला.

खोली तिला दारातूनच दाखवली. आत परक्या माणसाला न्यायचं नाही, हा माझाच नियम होता. वडील बाहेर लिंबाखाली बसले. ती चौकटीला हात लावून बराच वेळ पाहत राहिली.

"त्या कोपऱ्यात स्टो ठिवता यील," ती म्हणाली. "हिकडं पानी. सारखं घुमतंय ते काय?"

"ट्रान्सफॉर्मर. तो असाच घुमतो."

"घुमू द्या. सवय हुईल." मग हळूच म्हणाली, "मंग मला फडावर जायाला नगं ना?"

मी "बघू" म्हणालो. माप घेतल्याशिवाय हो म्हणवेना.

सोमवारी टेप घेऊन आत गेलो. ट्रान्सफॉर्मरच्या चारही बाजूंना भिंती असतील तर प्रत्येक बाजूला सव्वा मीटर, म्हणजे चार फूट, मोकळं हवं, हे आयटीआयमध्ये घोकून घेतलेलं. साहेब म्हणत होते तिथे भिंत घातली तर जेमतेम दोन फूट उरत होते. भिंत थोडी सरकवून पाहिली, म्हणजे खडूने जमिनीवर रेघ मारून. पुन्हा पुसून दुसरी मारली. सव्वा मीटर सोडलं की पलीकडे एक खाटही मावत नव्हती.

ट्रान्सफॉर्मर तापतो, त्याच्याभोवती हवा खेळावी लागते. त्याच्या पोटात तेल असतं, आणि विटांच्या एका भिंतीपलीकडे ती स्टो पेटवणार होती. शिवाय आधीच्या नोकरीत एकदा पॅनल उघडताना माझ्यासमोर जाळ उठला होता. मी झटकन मागे उडालो, आणि मागे मोकळी जागा होती म्हणूनच वाचलो. तिथे भिंत असती तर पाठ टेकून तिथेच भाजलो असतो.

एवढं माहीत असूनही मी दोन दिवस साहेबांकडे गेलो नाही. मनात तिचं पाणी तिने दाखवलेल्या जागी भरून ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, "साहेब, जागा पडून नाही. ती लागते."

"तुमच्याच सोयीसाठी म्हणत होतो," साहेब म्हणाले. "नको तर नको."

गावी जाऊन तिलाही सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"धोका हाय म्हनता?"

"आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या." भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "लई आवडली हुती मला."

दसऱ्यानंतर ती आईवडिलांबरोबर ट्रकमध्ये बसून गेली. तो हिवाळा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. मनमाड रोडवरून उसाची गाडी गेली की सायकल थांबवून वर बसलेल्या बायांचे चेहरे बघायचो. ती दुसऱ्याच जिल्ह्यात आहे हे माहीत असूनही बघायचो.

उन्हाळ्यात ती परतली तेव्हा रापली होती आणि तळहात खरखरीत झाले होते. पावसाळ्यापूर्वी नागापुरातच एका मळ्यात खोली मिळाली आणि आमचा संसार सुरू झाला. मी त्या कारखान्यात पुढे बरीच वर्षं होतो. ट्रान्सफॉर्मरला त्या काळात काहीही झालं नाही, साधी ठिणगीसुद्धा नाही. नाही म्हणालो ते बरोबरच होतं, हे मी कुणाला दाखवू शकलो नाही. तिने कधी विचारलंही नाही.

आता आम्ही दोघंच असतो. कधी दुपारी ती त्या हंगामातलं काहीतरी सांगते. कालव्यावर धुणं धुताना पाय घसरला ते, शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या बाईने ओव्या शिकवल्या ते. लग्नानंतरचं आमचं पहिलं वर्ष, आणि त्यातल्या सहा महिन्यांत मी कुठेच नाही. ती बोलायची थांबली की मी विचारतो, "मग पुढं?" ती हसते आणि सांगत राहते.