दीड भाकरीवर उठवणाऱ्या संगम्माअक्का

बीदरच्या अडत बाजारामागे खानावळ चालवणाऱ्या संगम्माअक्कांना यंदा वयाची साठ वर्षं पुरी होत आहेत. त्यांच्याकडं जेवून शिकलेली आणि आता वकील, मास्तर झालेली मंडळी हे गौरवाचं पुस्तक काढत आहेत. मीही चार ओळी लिहाव्यात असा निरोप आमच्या गावी संतपूरला आला. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. शब्द सजवायला जमत नाही. घडलं तसं लिहिते.

अक्कांची आणि माझी पहिली गाठ भांडणात पडली, आणि भांडायला मीच गेले होते. रझाकारांची धामधूम निवून दोनेक वर्षं झाली असतील. आमचे मालक तुरीचे अडते. आठवड्यातले चार दिवस घराबाहेर, बीदर, उदगीर, कधी गुलबर्गा. जेवण कुठं खानावळीत, कुठं ओळखीच्यांकडं. एकदा घरी येऊन कुरकुरले, "बीदरची ती बाई मला दीड भाकरीवर उठवायलीय." माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मोटारीनं बीदर गाठलं आणि दारातूनच विचारलं, "कामून हो, माझ्या माणसाला उपाशी ठेवायलाव?"

अक्का चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "आधी जेवा. मग भांडू. मला बी जरा उसंत मिळंल."

जेवण झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "अण्णांच्या पायाला जखम हाय, तुम्हाला ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

"एका जेवणाला तीन तांबे पाणी पितेत. लघवीला जाऊन आले की मोरीत मुंग्या लागतेत. मीच त्यांना डॉक्टराकडं धाडलं. साखरेचा आजार निघाला. खाणं आवरून वजन उतरलं न्हाई तर पाय काढावा लागंल, म्हणलेत डॉक्टर."

पस्तीस वर्षं माझ्याशी संसार केलेला माणूस हे मला बोलला नव्हता. खानावळीच्या बाईंना कळलं आणि घरच्या बाईला नाही.  

"तुम्हाला हे कसं कळलं?" मी विचारलं.

"माझे मालक ह्याच आजारानं गेले. ते खात राहिले, मी वाढत राहिले." भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तशा आवाजात अक्का हे बोलल्या. डोळे पुसले नाहीत. तिथंच मला त्या आवडल्या.

कुठल्याही खानावळीचं नाव होतं ते न विचारता वाढण्यानं. अक्कांकडं उलट. आधी काकडी-कांदा, मग अंबाडीची नाहीतर कुठली पालेभाजी, मग घट्ट वरण, भाकरी शेवटी, आणि ती किती हे ताटात पडायच्या आधी विचारायचं. तूप ओतायचं नाही, वाटीत वेगळं ठेवायचं. पण सगळ्यांना एकच माप लावायच्या त्या नव्हेत. बाजारातल्या हमालाला त्या चार भाकऱ्या आणि वर तूप वाढत. आमच्या मालकांना ते सोसलं नाही. "त्याला चार अन् मला दीड? हा कुठला न्याय?"

"त्यानं सकाळपासून पोती उचलली अण्णा. तुम्ही नुसती मोजली."

सगळी पंगत हसली. मालकही हसले, पण दुसरी भाकरी मिळाली नाही. अडतीतल्या काट्यावर दर बाजाराला स्वतः बसायचं, हेही अक्कांनीच लावून दिलं. एका पारड्यात आमचे अडते, दुसऱ्यात वजनं. लोक बघायला जमत. पहिल्या दिवशी अडीच मण भरले. चार महिन्यांत सव्वादोनवर आले. जखम भरू लागली.

बीदरात अक्का होत्या, पण उदगीर-गुलबर्ग्याला कोण? तिथल्यासाठी त्यांनी मालकांना शिकवून ठेवलं. पाहुण्याकडं जेवायला जायचं तर आधी वाटीभर ताक पिऊन निघायचं, म्हणजे भुकेनं हावरेपणा होत नाही. आणि हात आडवा करायचा तो वाढायच्या आधी, पडल्यावर नाही. ह्याला कारण होतं. आम्ही बसवण्णांना मानणारे. ताटात पडलं तो प्रसाद, तो टाकायचा नाही. जेवण झालं की ताटात पाणी ओतून, बोटानं धुऊन, तेही पिऊन टाकायचं. त्यामुळं वाढणाऱ्यानं दुष्टपणा करायचा म्हटलं तर आमच्या माणसाला सुटकाच नाही.

तो दुष्टपणा मी केला. अक्कांचा गौरव लिहायचा आणि हे झाकायचं, हे बरं दिसणार नाही.

आमच्या घरी नातीचं बारसं होतं. हुग्गी केली होती, गव्हाची गूळ घालून केलेली खीर. चिंताकी गावचे आमचे व्याही पंगतीत बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "यजमानच कोरडी भाकरी खायलेत. मग आम्ही तूप कसं मागावं? विहीणबाईंनी हात आखडलाय वाटतं!" माणसं हसली. मी तुपाचं भांडं घेऊन उभी होते. मालकांनी ताटावर हात धरला होता. मी तो हात बाजूला केला, हुग्गी वाढली, वर तूप ओतलं. एकदा नाही, तीनदा. मालकांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि खाली मान घालून खाल्लं. ताट धुऊन पाणीही प्याले. त्या दिवसानंतर त्यांनी पथ्य सोडूनच दिलं. घरातच मानत नाहीत तर बाहेर कामून पाळायचं, असं झालं त्यांचं. महिनाभरात पायाची बोटं काळी पडली.

बीदरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन बोटं काढली. विष वर चढलं तर पाय घोट्यापासून जाईल म्हणाले. आठ दिवस काही सांगता येत नव्हतं. ते आठही दिवस अक्का खानावळ दुसऱ्यांवर टाकून दुपारी डबा घेऊन येत होत्या. पहिल्या दिवशी मीच सांगून टाकलं, "वाढलं मी. माझ्याच हातानं."

मला वाटलं, आता बोलतील. मला बोलणी खायची होती. अक्का डबा उघडत म्हणाल्या, "मग आता पंगतीत तुमचाच हात आडवा पाहिजे. त्यांचा एकट्याचा हात लोक मानत न्हाईत. तुमचा मानतील, तुमच्या तोंडाला भितेत."

पाय राहिला.

पुढं चिंताकीला व्याह्यांच्याच घरी लग्न निघालं. दुसऱ्याच्या घरी पुरुषांच्या पंगतीत बाई जाऊन बसत नाही. मी गेले. मालकांच्या ताटाशेजारी बसले आणि दीड भाकरी, भाजी, वरण झाल्यावर ताटावर तळहात पालथा ठेवला. व्याही तुपाची वाटी घेऊन आले. "विहीणबाई, हात काढा. आमच्या घरचा मान हाय."

"वाढायचंच असंल तर माझ्या हातावर वाढा."

"गरम हाय हो!"

"असू द्या की."

त्यांना वाटलं, मी हात काढून घेईन. चार थेंब पडले. मी हात हलवला नाही. व्याह्यांचं तोंड उतरलं, ते वाटी घेऊन मागं सरले. मालक एवढंच म्हणाले, "पाणी दे." मी पाणी दिलं. ताट धुऊन प्याले आणि उठले. तेव्हापासून आमच्या सोयऱ्यांत त्यांना आग्रह करायला कुणी धजत नाही. मला फटकळ म्हणतात. म्हणू देत. पण ती अक्कल मला दिली अक्कांनी, हे त्यातल्या कुणाला ठाऊक नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

अक्कांनी मोठं काही केलं असं त्या स्वतः म्हणणार नाहीत. त्यांनी माणसं ओळखून वाढलं, आणि वाढायचं थांबवलं. वाढणाऱ्यानं खाणाऱ्याला "पुरे" म्हणणं किती अवघड, हे मला एका बारशात कळलं.

गौरवाच्या दिवशी मोटार स्टँडावर थांबेल. तिथून खानावळीपर्यंत टांगा करू, असं मुलं म्हणतात. मालक नको म्हणाले. आठ बोटांवर हळू चालतात, पण चालतात. अक्कांना पहिला हार तेच घालणार आहेत. संगम्माअक्कांना निकोप शरीर आणि भरपूर आयुष्य मिळो, आणि आमच्यासारख्या हट्टी माणसांना त्यांच्या तोंडून अजून पुष्कळ वर्षं "पुरे" ऐकायला मिळो.