येलदरीच्या काठावरची चार अंडी

एप्रिलमध्ये परभणीतून कुणी सहलीला जातं का, असं सगळ्यांनी विचारलं. पण येलदरी धरणाचं पाणी उतरलं की पक्षी काठाशी दिसतात, म्हणून मी आणि माझी नणंद शैला गाईडबरोबरच्या एक दिवसाच्या सहलीला निघालो. जीपसकट माणशी सातशे रुपये, जीपमध्ये आणखी चार-पाच अनोळखी जण. जेवण आपलं आपण. मी सगळ्यांपुरते धपाटे आणि दही घेतलं. उजाडताच निघालो, जिंतूरला चहा, आणि ऊन चढायच्या आत येलदरी.

सुरुवात छान झाली. खंड्या, बगळे, लांबवर मासेमारांची होडी. मग गाईड माधव म्हणाला, "या, आता खरी गंमत दाखवतो."

उघड्या मुरमाड जमिनीवर टिटवीची चार अंडी होती, खड्यांच्याच रंगाची. पटकन सापडावीत म्हणून त्यानं भोवती पांढऱ्या दगडांचं कडं करून ठेवलं होतं. टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, आणि आमच्यातले एक कापडदुकानदार खाली बसून बायकोला सांगत होते, "अंडं हातात धरतो, फोटो काढ."

"हात लावू नका त्याला," मी म्हणाले. "माधव, या उन्हात आई अंड्यांवर बसली नाही तर अंडी भाजून निघतील."

"काय होत न्हाई काकू. रोजच दाखवायलोत आमी."

रोजच. माझं डोकं सणकलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला बुलबुलाचं घरटं खिडकीतून दाखवायच्या, एकेकीला. कुजबुजलं तरी बघायची पाळी जायची. सहा-सात वर्षांच्या मुलींना ते जमत होतं.

बोलून कुणी हलेना. मी डबा उचलला. "धपाटे त्या बाभळीखाली मिळतील. आत्ता. मागून येणाऱ्याला नाहीत."

"दही पण उचला हं वहिनी," शैला मोठ्यानं म्हणाली.

दुकानदार उठले. सगळे निघाले तशी मी ते पांढरे दगड भराभर पदरात गोळा केले आणि लांब नेऊन फेकले.

बाभळीखालून दुर्बिणीतून पाहिलं. टिटवी आधी पाण्यात पोट भिजवून आली, मग अंडी गार ठेवायला त्यांच्यावर बसली. ते ओलं पोट बघून मला रडू आलं आणि माधवचा आणखीच राग आला.

घरी पोचले तर सहलीच्या ग्रुपवर माधवनं टाकलेला त्याच अंड्यांचा फोटो, खाली नकाशावरची खूण. लगेच फोन केला. "काढून टाकतो काकू," म्हणाला. हे लिहीपर्यंत काढलेला नाही.

येलदरीला जरूर जा. पाणी भरपूर न्या, टोपी विसरू नका. गाईड ठरवताना घरटी दाखवतो का ते विचारा. हो म्हणाला तर दुसरा बघा. आम्ही नेमके कुठल्या काठाला उतरलो, ते मात्र कितीही विचारलंत तरी मी सांगणार नाही.