शर्यतीच्या बोटीची पूजा

हातात कप असेल तर आधी खाली ठेवा. माझी अक्कल ऐकताना चहा सांडला, तर भरपाई मिळणार नाही!

बारावीनंतर मला मुंबईच्या एका कॉलेजात रोइंगची शिष्यवृत्ती मिळवायची होती. रोइंग म्हणजे शर्यतीत बोट वल्हवायची. फी माफ, हॉस्टेल फुकट! नाही मिळाली, तर किन्हवलीला बाबांच्या पोल्ट्रीत जन्मभर कोंबड्यांची सेवा. मला शिकायचं होतं हो, अगदी मनापासून. आणि बोटीचा अनुभव विचाराल तर दांडगा! धरणापलीकडे मामाकडे जाताना होडीत बसून मी शेंगा खाल्ल्या होत्या.

निवड आधी मशीनवर, मग पाण्यात. मशीनची दांडी बसून ओढायची. बाकीच्या मुली धापा टाकत होत्या आणि मला वाटत होतं, एवढंच? आमच्या विहिरीची बादली याहून जड असते! मी सगळ्यांना मागे टाकलं. निवड करणारे सर खूश. झालं, बाईसाहेब हवेत!

बाहेर पाण्याकाठी बोट होती. लांबलचक, चकचकीत, आदल्याच दिवशी आलेली, स्टँडवर पालथी ठेवलेली. ती बघून मला आईचं बोलणं आठवलं. निघताना तिने बजावलं होतं, "नवी वस्तू आसंल तर नारळ फोडल्याबिगर बसायचा नाय गो! काकानं ट्रॅक्टरला फोडला नाय, काय झाला? पयल्याच दिवशी ओढ्यात!" आणि पिशवीत हळदकुंकवाच्या पुडीसकट नारळ कोंबला होता.

सर फोनवर होते. मी मुलींना विचारलं, "हिची पूजा कुणी केली का?"

"पूजा? बोटीची?" डोंबिवलीची एक मुलगी म्हणाली.

"म्हंजे नाय केली! तुमी शहरातल्या, तुमाला कोण सांगणार?"

मी हळदकुंकू वाहिलं. आता नारळ फोडायला दगड शोधते, तर दगडच नाही! धक्का प्लास्टिकचा, बाकी सगळी हिरवळ. एवढं मोठं कॉलेज आणि साधा दगड ठेवता येत नाही? आमच्याकडे ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडावर खुशाल आपटतात. म्हटलं, ही तर शर्यतीची बोट, ही काय कमी दणकट असेल?

दोन्ही हातांनी नारळ उचलला. "गणपती बाप्पा..."

"अगं, नको!" डोंबिवली किंचाळली.

"मोरया!"

कडाड्! वा, काय आवाज! पहिल्याच फटक्यात! मी कौतुकाने वाकून बघितलं. नारळ शेंडीसकट धड. बोटीच्या पोटात मात्र मूठ जाईल एवढं भोक. खोटं कशाला सांगू, मी मूठ घालून पाहिली.

सर धावत आले. "अगं, पुठ्ठ्याएवढी पातळ असते ही! हलकी असते म्हणून तर पळते!"

"सर, ते आईने..."

"आईला बसायचंय का शर्यतीत?"

मी रडायलाच लागले. घळाघळा! डोळ्यांसमोर नुसत्या कोंबड्या. शेवटी सरांनाच माझी दया आली.

"रडू नकोस. मशीनवर पहिली तूच होतीस. पाण्यात फक्त न पडता बसून दाखवायचं होतं. शिष्यवृत्ती तुझीच होती."

माझा जीव भांड्यात पडला. नाक पुसलं, पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली आणि जोरात विचारलं, "मग सर, बसू?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग भोकाकडे बघितलं.

"कशात?"