गुरूवरचे तीन डाग आणि माझी सही

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि हसतो. रिकाम्या रस्त्यावरची बाई, आपोआप वाजणारी घंटा, 'तेवढ्यात कुत्रं रडलं'... माझं वय ब्याऐंशी. दृष्ट, दशा, भूतबाधा यांतलं काहीही मी आजवर मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण एका माणसाला मी चारचौघांत खोटं पाडलं आणि तो खोटा नव्हता.

१९९४ चा जुलै. बंगळूरला बनशंकरीत आमचं घर होतं, त्याची गच्ची. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला इंजिनिअर. आम्ही आठ-दहा मराठी मंडळींनी आकाश बघायचा एक गट काढला होता. त्या महिन्यात एका धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळणार होते, त्यामुळे ज्याला त्याला एकदम खगोलशास्त्र यायला लागलं होतं. शेजारच्या काकूंनी तर गच्चीवर येऊन दुर्बिणीच्या नळीला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "गुरूला लागलं तर आमच्या सतीशचं लग्न लांबेल का हो?"

"काकू, सतीशचं लग्न सतीशमुळे लांबतंय," मी म्हटलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. मला फार बरं वाटलं.

दुर्बीण माझी नव्हती, अण्णांची होती. अण्णा निपाणीकडचे, सातवी शिकलेले. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचे. दुर्बिणीचा आठ इंची आरसा त्यांनी सहा महिने हातानं घासून केला होता. ते मला 'सर' म्हणायचे. मी तोंडावर 'अण्णा' म्हणायचो आणि मनात 'काचवाला'.

आमची एक वही होती. रोज संध्याकाळी तिच्यात गुरूचं चित्र काढायचं. पानावर पुठ्ठ्याच्या साच्यानं किंचित चपटी चकती आखलेली असे. आधी वेळ लिहायची, मग दहा मिनिटांत पेन्सिलीनं चित्र पुरं करायचं, कारण गुरू स्वतःभोवती भराभर फिरतो. आणि लगेच, तिथल्या तिथे, दुसऱ्यानं चित्रावरच शाईनं सही करायची, म्हणजे घरी जाऊन कुणी चित्र 'सुधारू' नये. हा नियम माझा. माणसांवर माझा भरवसा नव्हता.

टकरी सुरू व्हायला अजून आठवडा होता. दोन दिवस ढग होते, त्या संध्याकाळी आकाश उघडलं. गच्चीवर आम्ही दोघेच. अण्णांनी चित्र काढलं आणि वही माझ्यापुढे धरली. दोन पट्टे नेहमीचे. पण दक्षिणेकडे तीन काळे डाग, मधला सगळ्यांत मोठा, आणि त्याच्या एका कडेला कोरीसारखी काजळी.

"हे काय अण्णा, डास मारलेत का कागदावर?"

"दिसलं ते काढलं सर. तुम्ही बघा की."

मी बघितलं. स्वच्छ गुरू. दोन पट्टे, बाजूला त्याचे चंद्र. डाग एकही नाही. "काही नाहीये. डोळे तपासून घ्या, दुकान तुमचंच आहे."

अण्णा पुन्हा डोळा लावून बसले. "स्वल्प थांबा... आहेत सर. मी खोडणार नाही. तुम्ही सही करा."

मी हसत हसत सही केली. मला वाटलं, टकरी झाल्या की हे पान सगळ्यांना दाखवून अण्णांची फजिती करू.

टकरींच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळा गट गच्चीवर होता. इतक्या लहान दुर्बिणीतून काही दिसेल अशी कुणालाच आशा नव्हती. ढग फाटले आणि दिसलं. तीन डाग. मधला मोठा, कडेला काजळीची कोर. मग कुणीतरी वही चाळली, अण्णांचं ते पान काढलं आणि आमच्या अध्यक्षांपुढे धरली. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी मला विचारलं, "सही तुमची आहे. त्या दिवशी हे डाग कागदावर होते?"

'होते' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या अंकात मी 'बावळट बंगळूरकर' असा लेख लिहिला होता, चमत्कार मानणाऱ्यांवर. तो सगळ्यांनी वाचला होता. आठ जण माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "नव्हते. पट्टे होते फक्त. डाग नंतर घातलेत."

"सर?" अण्णा म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी नळीतून आरसा काढला, पंच्यात गुंडाळला आणि जिना उतरून गेले. नळी माझ्या गच्चीवर गंजत राहिली. त्या पानावर मी लाल शाईनं 'बनावट' असं लिहिलं. पुढे अण्णा देवनहळ्ळीला राहायला गेले. त्यांनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला नाही, असं ऐकलं. मी कधी गेलो नाही.

गेल्या महिन्यात ते वारल्याचं कळलं, तेव्हा वही घेऊन गेलो. त्यांच्या बायकोला, अक्कांना, ते पान दाखवलं. माझ्या सहीचा खालचा फराटा मधल्या डागावरून गेलाय. भिंगातून बघितलं तर शाई पेन्सिलीच्या वर बसलेली दिसते. म्हणजे डाग आधी, सही नंतर. हे मला तेव्हाही दिसत होतं. भिंगाशिवाय.

अक्कांनी पान बघितलं. "सही तुमचीच ना? मग तेव्हा स्वतःची सही वाचता येत नव्हती होय तुम्हाला?" त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. चहा विचारला नाही. सरीच, म्हणजे बरोबरच होतं ते.

जे व्हायचं होतं ते अण्णांना आठवडाभर आधी कसं दिसलं, आणि त्याच दुर्बिणीतून मला का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. अंदाजानं काढले म्हणावं, तर ती कोर कुणाच्या अंदाजात होती? 'दैवी दृष्टी' वगैरे म्हणणाऱ्यांनी कृपया मला पत्र पाठवू नये. 'बनावट'वर मी परवा काट मारली आणि शेजारी लिहिलं, ते इथेही लिहितो:

वेळ सात चाळीस. आकाश स्वच्छ. तीन डाग, माझ्यासमोर काढलेले. सही माझी.