सनशाइन स्टेटमधल्या कुरडया

पडदा वर जातो. मागे हिरवेगार डोंगर, पुढे इनिसफेलचं बंदर, आणि वरून असा पाऊस, की जणू अख्ख्या ऑस्ट्रेलियाचा वाटा याच गावात रिता करायचं ठरलंय. डावीकडून शुभदाआत्यांचा प्रवेश. वय बहात्तर, एका हातात छत्री, दुसऱ्यात पितळी सोऱ्या.

शनिवारी नातीचं, म्हणजे त्यांच्या भाच्याच्या मुलीचं, चारुताचं लग्न. नवरा इथलाच, केळीबागवाला. आता रुखवतात कुरडई नसली, तर त्याला रुखवत कोण म्हणेल? आणि आत्यांच्या कुरडया व्हरांड्यात तीन दिवस ओल्याच्या ओल्या.

"तुझ्याकडे स्कोफिल्ड्सला एवढं ऊन असतं. तिथूनच वाळवून आणायच्या ना!" भाचा सलिल वैतागला.

"प्रवासात चुरा झाला असता. शिवाय तुमच्या इथल्या गाड्यांच्या नंबरपाट्यांवर सनशाइन स्टेट लिहिलंय. सरकार खोटं लिहितं होय रे?"

सलिलने कपाळावर हात मारला.

"इथे जवळच ज्वालामुखी आहे म्हणालास ना? काढ गाडी. दगड तव्यासारखे तापलेले असतील."

"आत्या, अगं तो..."

"गाडी!"

वाटेत धबधबे लागले. प्रत्येकाला हात जोडून आत्या म्हणाल्या, "बाई, जरा दम खा." शेवटी ज्वालामुखी आला. आत काठोकाठ गार पाणी, त्यात माणसं पोहतायत, कडेला एक बदक.

"हा?"

"हजारो वर्षांपूर्वी विझलाय, आत्या."

"मग मिरवता कशाला?"

पाऊस पुन्हा कोसळला. आत्या गाडीत शिरल्या, काचा वर केल्या आणि हीटर पूर्ण सोडायला लावला. डॅशबोर्डवर कुरडया, सीटवर कुरडया, सलिलच्या मांड्यांवर कुरडया. "हलू नकोस, मोडतील!" घामाने निथळत सलिल आतून धुमसत होता. पोहून आलेल्या एका गोऱ्याने काळजीने काचेवर टकटक केली. "यू राइट, मेट?"

"नो वरीज," सलिल दात आवळून म्हणाला.

संध्याकाळपर्यंत कुरडया खडखडीत.

शनिवारी रुखवतापाशी नवऱ्या मुलाच्या आईने तळलेली कुरडई कुर्रकन तोडली आणि डोळे मोठे केले. "आजी, त्या विचारतायत," चारुता म्हणाली, "एवढ्या पावसात या वाळवल्या कुठे?"

आत्यांनी पदर सारखा केला, सलिलकडे एकवार पाहिलं.

"सांग त्यांना, ज्वालामुखीवर. तुमचा विझलेला निघाला, म्हणून आम्ही घरचा नेला होता."