सुभेदारीणबाईंची कवायत

बाळांनो, साताऱ्यात पेन्शनीत निघालेले फौजी गल्लोगल्ली होते. पण आख्ख्या आळीला ताठ उभं करण्याची ताकद एकाच व्यक्तीत होती, आणि ती कधी फौजेत गेलेली नव्हती. त्या आमच्या समोरच्या सुभेदारीणबाई. सुभेदार स्वतः अगदी शांत गृहस्थ, आरामखुर्चीत बसून वाटाणे सोलायचे. बाईंनी मात्र छावणीत असताना, क्वार्टरच्या खिडकीत तांदूळ निवडता निवडता, समोरच्या मैदानावरची कवायत पाहून पाहून पाठ केली होती. साताऱ्यात परतल्यावर तिचं काय करायचं हा प्रश्न त्यांना पडला नाही. आळीतल्या बायका होत्याच.

साठ-बासष्टच्या सुमाराची ही गोष्ट. रोज सकाळी सहाला नऊवारीचा पदर खोचून त्या अंगणात उभ्या राहत आणि पाठ धरलेल्या, मान अवघडलेल्या बायकांना भिंतीला खांदे व डोकं टेकवून उभं करत. रोज तिथेच टेकल्यामुळे चुन्याच्या भिंतीवर डोक्यांच्या तेलाचे डाग उमटले होते, कुणाचा वर, कुणाचा खाली. दिवाळीला चुना द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी तेवढ्या पट्ट्याला हात लावू दिला नाही. "ते आमचं हजेरीबुक हाय," म्हणाल्या. कुणी दोन दिवस आलं नाही, तर त्या डागाकडे बोट दाखवून आळीभर ऐकू जाईल असं विचारत, "हे डोस्कं कुटं गेलं?"

माझं डोकं तिथे टेकलं ते नोकरीपायी. मी सरकारी कचेरीत इंग्रजी टायपिस्ट होते, अजून कायम झाले नव्हते. त्यासाठी तीन महिन्यांनी वेगाची परीक्षा होती, आणि इथे अर्धं पान टाइप केलं की मानेपासून कमरेपर्यंत कळ जायची. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. साहेब म्हणाले, मग घरीच घ्या.

बाईंनी माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. "आवं बाई, मान म्हंजे काय भरलेला हंडा हाय व्हय, न हालवता ठेवायला? उद्यापास्नं या."

पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले. "दुखतंय," म्हटलं.

"दुकंल तितं थांबा. पन उद्या परत या. लय करायचं न्हाई, रोज करायचं."

हनुवटी आत, खांदे मागे, हात वर. मग घोंगडीवर पालथं पडून छाती हळूहळू उचलायची. मान वळवायचा हुकूम मात्र फौजी हिंदीत, "गर्दन दाहिने!" असं म्हणून बाई स्वतः डावीकडे बघत आणि सगळ्याजणी डावीकडे वळत. मला चूक दिसली की राहवत नाही. "अहो, दाहिने म्हणजे उजवीकडे," मी म्हटलं.

"पाश्शे जवान माज्या डोळ्यांम्होरं हिकडंच बघायचे. ते समदे चुकले, आन् तुमी बराबर?"

जवान खिडकीकडे तोंड करून उभे असत, त्यांचं उजवं ते यांचं डावं, हे मी सांगणार, तेवढ्यात खुर्चीतल्या सुभेदारांनी मला हळूच हात जोडले. मी निमूट डावीकडे वळले.

कळ एकदम गेली नाही. दुसऱ्या महिन्यात मी स्वतःची वेणी मध्ये न थांबता घालू लागले. तिसऱ्यात पानामागून पान टाइप करू लागले. परीक्षा पास झाल्याचा पेढा बाईंच्या हातावर ठेवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "झ्याक झालं. उद्या सहाला." निवृत्तीपर्यंत मी कचेरीतल्या त्या खुर्चीत ताठ बसले. पण खरं सांगू, मला नोकरीपेक्षा जास्त अभिमान वाटतो तो त्या भिंतीवरच्या माझ्या डागाचा.

माझ्या परीक्षेनंतर काही वर्षांनी बाई गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी सहाला माझे पाय सवयीनं त्या अंगणाकडे वळले. सुभेदार भिंतीला पाठ टेकून एकटेच उभे होते. त्यांना त्या रांगेत मी कधीच पाहिलं नव्हतं. मी माझ्या डागाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी घसा साफ केला.

"गर्दन दाहिने," ते म्हणाले, आणि जन्मभर पलटणीला उजवीकडे वळवणारा तो माणूस सावकाश डावीकडे वळला.